मोडीत आलेलं इंजिन

माझ्याकडे सत्तावीस वर्षं एक पितळी रेल्वे इंजिन होतं. खेळणं म्हणावं तर ते जड आहे, एका हाताने उचलवत नाही, आणि खऱ्या वाफेवर चालतं. लांबी हातभरापेक्षा थोडी जास्त. मीटर गेजवर पूर्वी धावायची त्या जातीचं, दोन्ही बाजूंना पाण्याच्या चौकोनी टाक्या असलेलं. साताऱ्यात माझ्या ओळखीच्या बहुतेकांनी ते पाहिलं आहे. ते विलायती आहे, शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडात तयार झालं, असं मी त्या सगळ्यांना सांगितलं. ते खोटं होतं, आणि खोटं आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यात कुणाचं काय नुकसान झालं ते मला नंतर कळलं, आणि कळल्यावरही मी नऊ वर्षं गप्प बसलो. आता सगळं क्रमाने लिहितो.

मी तेव्हा पलूसच्या बाजूला एका साखर कारखान्यात वर्कशॉपचा फोरमन होतो. ऑफ सीझनला उसाच्या गिरण्या दुरुस्तीला उघडल्या की बुशांसाठी, पॅकिंगसाठी मिरजेला खेपा व्हायच्या. अशाच एका खेपेला काम लवकर उरकलं आणि मी एका ओळखीच्या भांडीवाल्याच्या दुकानात टेकलो. लग्नसराईचे दिवस होते. लोक जुनी तांब्यापितळेची भांडी मोडीत घालून स्टीलची नेत होते. दुकानाच्या मागच्या बाजूला मोडीचा ढीग होता. चिरलेली घंगाळं, बूड गेलेल्या कळश्या, आणि त्यांच्यावर आडवं पडलेलं हे इंजिन. दुकानदार हातोडा घेऊन त्याच्याजवळ बसला होता.

"हे कुठलं?" मी विचारलं.

"पलीकडच्या गल्लीतलं. रेल्वेच्या शेडात फिटर हुता एक म्हातारा, त्यो गेला. पोरानं आणून टाकलं. घरात लगीन हाय, भांडी पायजेत."

"हातोडा कशाला?"

"चाकं लोखंडी हायत की. लोखंड पितळंच्या भावानं घिऊ का? चाकं काढायची, मग वजन धरायचं." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुमास्नी पायजे काय फोरमनसाब? नातवाला?"

"मला नातू नाही अजून."

"हुईल की. पर ठरवा लवकर, हात उचललाय."

मी ते मोडीच्या भावाने, चाकांसकट घेतलं. पोत्यात गुंडाळून एसटीत मांडीवर घेऊन बसलो.

घरी आल्यावर उलटं करून पाहिलं. ड्रायव्हर उभा राहतो त्या फूटप्लेटच्या खालच्या अंगाला पंचाने ठोकलेले चार आकडे होते. वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला असा क्रमांक वाचायला शिकवावं लागत नाही. यंत्राचा क्रमांक ओतीव असतो किंवा पट्टीवर असतो. हा माणसाचा होता. शेडात काय, कारखान्यात काय, प्रत्येक कामगाराला एक नंबर असतो. तो हजेरीच्या बिल्ल्यावर असतो, आणि माणूस तोच आपल्या पान्यावर, कानशीवर, हातोडीवर ठोकून ठेवतो, म्हणजे हत्यार कुणी नेलं तरी फिरून त्याच्याकडे येतं. हे इंजिन करणाऱ्याने आपला नंबर इंजिनावर ठोकला होता. ते आकडे इथे देत नाही. त्यावरून माणूस ओळखता येईल, आणि नाव छापायचं नाही असं त्याच्या घरच्यांचं म्हणणं आहे.

इंजिन चालू करायला मला एक पावसाळा लागला. बॉयलरमध्ये क्षाराचा थर बसला होता. तो चिंचेच्या पाण्याने सोडवला. पिस्टनच्या दांड्याभोवतीचं पॅकिंग जळून गेलं होतं, तिथे ग्रॅफाइटची दोरी भरली. सेफ्टी व्हॉल्व्हची स्प्रिंग बसली होती, ती बदलली. पाणी बॅटरीवाल्याकडचं, कारण आमच्या नळाच्या पाण्याने बॉयलर पुन्हा क्षाराने भरला असता. तेल कारखान्यातलं, वाफेच्या इंजिनाला लागतं ते काळं जाड. खाली स्पिरिटचा दिवा. पहिल्यांदा चाकं फिरली तेव्हा मी त्याला दोन विटांवर उचलून ठेवलं होतं. ते तसंच जागेवर अर्धा तास फिरलं. आमच्या मंडळींनी स्वयंपाकघरातून विचारलं, "कुकर लावलाय काय तुमी?"

ती आटपाडीकडची. पितळ दिसलं की घासायचं, हे तिच्या अंगात आहे. त्या दिवाळीला मी कामावर गेलो असताना तिने देवाच्या भांड्यांबरोबर इंजिनही चिंच आणि राख लावून लख्ख केलं. सांध्यांत राख गेली, मला दोन्ही सिलिंडर उघडावे लागले. मी चिडलो. ती म्हणाली, "आवं, काळं पडलं हुतं म्हणून घासलं. तुमच्या मशिनीला देवाच्या शेजारी बसवलं, त्याचं काय न्हाई." पुढे आमचा समझोता झाला. वरून खालून तिने घासायचं, सांध्यांना हात लावायचा नाही.

इंजिन उघडत गेलो तसं ते कुठून आलं तेही दिसत गेलं. शिट्टीत वाफ सोडणारं भोक म्हणजे रॉकेलच्या स्टोव्हचं निपल होतं. बॉयलरचा तांब्याचा पत्रा एका बाजूला किंचित वळलेला होता, तो बंबाचा असणार. टाक्यांवरच्या दांड्या सायकलच्या स्पोकच्या. एकही स्क्रू दुसऱ्यासारखा नव्हता. सगळ्या ठिकाणी हातकाम होतं, आणि ते इतकं सरळ होतं की कानशीचा ओरखडा शोधावा लागे. मी तीस माणसांवरचा फोरमन. माझ्या हाताखाली चार लेथ होते. मी ठरवलं की एक पिस्टन झिजला आहे तो नवा करू. तीन वेळा केला. तीनही वेळा वाफ निसटली. शेवटी त्याचा जुनाच घासून परत बसवला, आणि तो आजही चालतो आहे.

हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. त्याच आठवड्यात कारखान्याच्या चीफ इंजिनिअरचे एक पाहुणे पुण्याहून आले होते. त्यांना जुन्या मॉडेलांचा नाद होता. मी घरी इंजिन चालवून दाखवलं. त्यांनी वाकून पाहिलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, "हे विलायती दिसतं. आपल्याकडे असलं काम कोण करणार? खाली काही मार्क आहे का?"

मी म्हणालो, "पाहिलं नाही अजून."

त्यांनी उलटं केलं असतं तर तिथेच सगळं संपलं असतं. पण ते अजून गरम होतं, म्हणून राहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी फूटप्लेट सोडवून वर्कशॉपमध्ये नेली आणि चारही आकडे एमरीच्या चाकावर घासून काढले. मग पॉलिश केलं. पाच मिनिटांचं काम.

तेव्हा मी स्वतःला सांगितलं की नंबर असला तर कुणीतरी ते शेडातून चोरलेलं आहे म्हणेल, नसती भानगड नको. हे कारण बरं होतं, पण खरं नव्हतं. इंग्रजाच्या कारखान्यात झालेली वस्तू मला करता आली नाही, यात मला कमीपणा नव्हता. मिरजेच्या गल्लीतल्या एका फिटरने स्टोव्ह आणि बंब तोडून केलेली वस्तू चार लेथ असून करता आली नाही, यात होता. स्टोव्हचं निपल कुणाला दिसलंच तर मी म्हणायचो, "नंतर इकडे कुणीतरी दुरुस्ती केलेली दिसते."

निवृत्तीनंतर आम्ही साताऱ्याला राहायला आलो. एका शाळेच्या हॉलमध्ये हौशी लोकांनी आपापले संग्रह मांडले, तेव्हा मीही इंजिन मांडलं. पुढ्यातली पाटी मी स्वतः रंगवली होती. विलायती बनावट, शंभर वर्षांपूर्वीचं. वर्तमानपत्रात फोटो आला.

दोन आठवड्यांनी एक बाई घर शोधत आल्या. पन्नाशीच्या पुढच्या, हातात कापडी पिशवी, पिशवीत ते कात्रण. दहिवडीकडे प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या, माहेर मिरजेचं. बसल्यावर त्या आधी पाणी प्यायल्या, मग म्हणाल्या, "काका, फोटोतलं इंजिन बघायला मिळेल का?"

मी आणून टीपॉयवर ठेवलं. त्यांनी हात लावला नाही.

"माझ्या वडिलांचं असंच होतं," त्या म्हणाल्या. "ते शेडात फिटर होते. त्यांनी स्वतः केलं होतं. म्हणजे मी तसं म्हणते. कितीतरी वर्षं चाललं होतं. मी नोकरीला लागल्यावर सुट्टीला गेले की ट्रंकेत कापडात गुंडाळलेलं दिसायचं. दर वेळी थोडं जास्त झालेलं असायचं. ते कुणाला दाखवायचे नाहीत."

"का?"

"शेडातलं भंगार वापरलं म्हणून कुणी बोलेल, असं वाटत असेल. पण त्या झाकाझाकीनेच घोळ झाला. ते गेल्यावर धाकट्या भावाच्या कानावर कुणीतरी घातलं की हे साहेबाच्या बंगल्यातलं आहे, साहेबाची बदली झाली तेव्हा तुझ्या बापाने उचललं. त्याने घाबरून मोडीत घातलं. मला लग्नाला आल्यावर कळलं. तेव्हापासून आमच्यात हेच चाललंय. तो म्हणतो चोरलं, मी म्हणते केलं. आता बातमीत विलायती लिहिलंय. तो कात्रण दाखवून म्हणाला, बघ, मग फिटरच्या घरात कसं आलं?"

त्या पुढे म्हणाल्या, "अब्बांनी केलेलं असेल तर त्यावर त्यांचा नंबर असणार. खाली, फूटप्लेटला. तो मी पाहिलाय. जरा उलटं कराल का?"

मी उलटं केलं. तिथे आरशासारखं पितळ होतं. त्यांनी वाकून पाहिलं, बोट फिरवलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"तुम्ही हे कुठे घेतलंत?"

"पुण्याला," मी म्हणालो. "एका पारशी गृहस्थांकडून. तुमचं वेगळं असेल. अशी बरीच असतात."

आमची मंडळी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, ट्रे ठेवला आणि आत गेली. बाईंनी चहा घेतला. एका कागदावर फोन नंबर लिहून दिला, कधी काही कळलं तर कळवा म्हणाल्या. जाताना म्हणाल्या, "तुम्हाला उगाच त्रास दिला." मी फाटकापर्यंत सोडायला गेलो.

परत आलो तर ही ओट्याशी भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्या आकड्यांत माझी चिंच अडकत हुती. काडीनं काढली हुती मी."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी बोलत हुता की."

त्यानंतर तिने इंजिन घासायचं सोडून दिलं. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाली, "माझं पितळ न्हवं ते." मी स्वतः घासू लागलो.

नऊ वर्षं गेली. या काळात मी इंजिनाची देखभाल आधीपेक्षा जास्त काटेकोरपणे केली. दर सहा महिन्यांनी बॉयलर धुवायचा, दर वर्षी पॅकिंग बदलायचं, प्रत्येक वेळेची नोंद वहीत. बाईंना फोन करायचा विचार यायचा. मग वाटायचं, त्यांच्याकडे आता तो वाद मिटला असेल. तो मिटला नव्हता, हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणता येईल. पण मी विचारलं नव्हतं, हे जास्त खरं.

मागच्या वर्षी माझी बोटं थरथरू लागली. बारीक नट धरता येईना. मुलाने पुण्यात चौकशी केली आणि एक संग्रहालय इंजिन घ्यायला तयार झालं. त्यांनी एक फॉर्म पाठवला. वस्तू कुणी बनवली, कुठे, तुमच्याकडे कशी आली, आणि खाली सही. मुलाने फोनवर सांगितलं, "बाबा, तुम्हाला पाठच आहे, भरून टाका." मी पेन घेऊन बसलो. आतापर्यंत जे बोललो होतो ते हवेत होतं. हे काचेच्या कपाटाशेजारी लागणार होतं, आणि मी गेल्यावरही तिथेच राहणार होतं. मंडळी समोर बसून वाती वळत होती. मी विचारलं, "काय लिहू?"

"मला काय विचारताय? लिवायला येतं की तुमास्नी."

मी फॉर्म बाजूला ठेवला आणि बाईंचा कागद शोधला. फोन लागला. त्या निवृत्त होऊन मिरजेलाच, भावाच्या शेजारी राहायला आल्या होत्या. मी म्हणालो, ते इंजिन तुमच्या वडिलांचंच आहे, नंबर मी घासला. त्या म्हणाल्या, "हे माझ्या भावासमोर सांगाल?"

रिकाम्या हाताने जायचं नव्हतं. पंच मारला की खालचं पितळही दबून घट्ट होतं. वरचे आकडे घासले तरी तो दाब आत राहतो. पोलीस चोरीच्या गाड्यांचे नंबर ॲसिड लावून वर आणतात ते याच कारणाने. मी रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून तांबं खाणारं द्रावण आणलं, कापसाने पुसत राहिलो. तासाभराने चारांपैकी दोन आकडे पुसटसे दिसू लागले. उरलेले दोन मी फार खोल घासले होते. मुलाला साताऱ्याला बोलावून घेतलं आणि त्याच्या गाडीतून इंजिन मिरजेला नेलं.

भावाचं सायकलचं दुकान आहे, मागे घर. साठीचा माणूस, हाताला वंगण. खाली सतरंजी होती, तिच्यावर वर्तमानपत्रं पसरून ठेवली होती. बाई कोपऱ्यात खुर्चीवर बसल्या. मी जे फोनवर सांगितलं होतं ते पुन्हा सांगितलं. मोडीच्या दुकानापासून पुण्याच्या पारशी गृहस्थापर्यंत, जो कधी नव्हताच. मग फूटप्लेट उजेडात धरून दोन आकडे दाखवले.

भावाने पाहिलं. "व्हय, अब्बाचाच नंबर हाय."

बाई पुढे झाल्या. तो म्हणाला, "थांब, आपा. नंबर हाय म्हणजे काय? शेडातल्या मालावर नंबर असतोयच. ह्यानं उलट माझंच खरं हुतंय. शेडचा माल, अब्बाच्या ताब्यात हुता, म्हणून त्यांचा नंबर."

"अरे, पण हे सांगताहेत ना..."

"ह्यांनी तुला एकदा सांगितलं हुतं की पुण्याला घेतलं. आज म्हणत्यात मिरजंत घेतलं. मी कुठलं धरू?"

मी ज्याला पुरावा समजून घेऊन आलो होतो तो त्याच्या हातात उलटा झाला होता, आणि माझ्या शब्दाची किंमत मीच घालवलेली होती. बाई माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणालो, "माझं काही धरू नका. मी हे उघडतो. तुम्ही कारागीर आहात, तुम्हीच बघा."

मी उघडायला सुरुवात केली. बारीक नट मला धरवेनात, ते भाऊच सोडवू लागला. शिट्टी निघाली. तो निपल बघून म्हणाला, "स्टोचं हाय." टाकीवरची दांडी निघाली. ती त्याने बोटांत फिरवली, टोकाचे आटे पाहिले. "स्पोक हाय ह्यो. साहेब लोक स्पोक कशाला घालतील?" हे तो माझ्याशी बोलत नव्हता.

"दुरुस्तीत घातला असेल," तोच पुढे म्हणाला.

डाव्या टाकीत पाणी राहतं, ती मी अनेकदा उघडली आहे. उजवी नुसती शोभेची पेटी. चारी बाजूंनी कथलाची झाळ देऊन बंद केलेली, कुठे गळायचा प्रश्न नाही, त्यामुळे सत्तावीस वर्षांत मी तिला हात लावला नव्हता. भाऊ म्हणाला, "ही पण उघडा." त्याने गॅसची शेगडी आणली. मी झाळ तापवली, तो चिमट्याने पत्रा धरून होता. बाजूचा पत्रा सुटला. त्याने तो उलटा करून सतरंजीवरच्या कागदावर ठेवला.

आतल्या अंगाला ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं होती. भांड्याच्या दुकानात लग्नाच्या भांड्यांवर नाव घालून देतात, तशी. पत्रा कापताना सुरुवातीचं अक्षर गेलं होतं, बाकीचं नाव पूर्ण होतं. कुठल्यातरी डब्याचा गोल पत्रा ठोकून सपाट केलेला, म्हणून ओळ थोडी वाकडी.

कुणी मोठ्याने वाचलं नाही. नाव एका स्त्रीचं होतं. मी विचारलं, "कोण?"

"अम्मा," बाई म्हणाल्या.

भाऊ पत्र्यावर हात ठेवून बसला होता. तो म्हणाला, "पिठाचा डबा. आपा, पिठाचा डबा ह्यो." मग माझ्याकडे वळला. "हा डबा हरवला हुता. आमी लहान असताना. अम्मानं सगळं घर पालथं घातलं. अब्बा बी शोधत हुते तिच्यासंगं."

बाईंना हसू आलं आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. "आणि अब्बा इतकं सरळ तोंड करून शोधत होते, की मलाही वाटलं खरंच हरवला."

"साहेबाच्या बंगल्यात अम्माच्या नावाचा डबा असायचा न्हाई," भाऊ म्हणाला. एवढंच म्हणाला. मग त्याने चिमटा खाली ठेवला, बहिणीकडे न बघता म्हणाला, "लय बोललो मी तुला."

"बोललास," त्या म्हणाल्या.

नंतरचं इथेच सांगून टाकतो. संग्रहालयाचा फॉर्म मी परत पाठवला नाही. इंजिन मिरजेलाच आहे, दुकानाच्या मागच्या खोलीत. दर सहा महिन्यांनी मी मुलाबरोबर बॉयलर धुवायला जातो, आता ते काम भाऊ करतो आणि मी सांगतो. साताऱ्यातल्या ज्या ज्या लोकांना मी खोटं सांगितलं होतं त्यांच्यापैकी जे हयात आहेत त्यांना भेटून सांगितलं. बहुतेकांना इंजिन आठवत होतं, ते कुठलं होतं हे आठवत नव्हतं. हे लिखाण छापायच्या आधी मिरजेला वाचून दाखवलं. मोडीत घातल्याचं गाळा, असं भावाचं म्हणणं पडलं. बाई म्हणाल्या, गाळू नका. मी गाळलेलं नाही. त्यांनी मला माफ केलं की नाही ते त्या बोलल्या नाहीत आणि मी विचारलं नाही.

त्या दिवशी मात्र काम तिथेच संपलं नाही. मी टाकी परत जोडायला घेतली होती. बाई अजून त्या पत्र्याकडे बघत होत्या. अचानक त्यांचा चेहरा बदलला.

"अरे," त्या भावाला म्हणाल्या, "डब्यावरून अम्मा पलीकडच्या चाचीशी भांडली होती."

भाऊ म्हणाला, "व्हय की."

मला समजावं म्हणून बाई म्हणाल्या, "पीठ उसनं न्यायला ती आमच्याकडे यायची. अम्माच्या डोक्यात बसलं की डबा तिनेच नेला. तोंडावर चोर म्हणाली. पुढे दोघींनी आयुष्यभर एकमेकींचं पाणी घेतलं नाही. ईदलाही नाही."

"चाची जाऊन लय वर्सं झाली," भाऊ म्हणाला.

"सून आहे ना."

त्या उठल्या, चपला घातल्या आणि पत्रा मागितला. मी म्हणालो, झाळ लावून देतो, मग न्या. उद्या नेला तरी चालेल. त्या थांबल्या नाहीत. भाऊ मला म्हणाला, "राहू द्या. जाऊ द्या तिला." पत्रा अजून कोमट होता. बाईंनी तो वर्तमानपत्रात गुंडाळला आणि गल्ली ओलांडली.

दुकानाच्या दारातून समोरचं घर दिसत होतं. सून बाहेर आली, हात ओले होते, ते पुसत उभी राहिली. बाईंनी कागद उलगडला. बोलणं आम्हाला ऐकू येत नव्हतं. सुनेने पत्रा घेतला, नाव वाचलं, उलटा करून पाहिला, पुन्हा नाव वाचलं. मग ती थोड्या मोठ्याने बोलली, ते मात्र ऐकू आलं.

"आमच्या सासूबाई मरताना बी म्हणत हुत्या, मी न्हाई नेला. आता मी कुणाला जाऊन सांगू?"

बाई तिच्या पायरीवर बसल्या. सूनही बसली. पत्रा दोघींच्या मध्ये होता. भावाने शेगडी बंद केली.